सरावाच्या केस चाळीसच्या वर झाल्या, तरी घोडं त्याच जागी का अडतं?

गेल्या महिन्यात कन्सल्टिंग फर्मच्या केस इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरचा फोन आला. केस म्हणजे इंटरव्ह्यूत समोर ठेवलेला एखाद्या कंपनीचा, म्हणजे क्लायंटचा, धंद्यातला प्रश्न. तो बोलत बोलत सोडवायचा असतो. "ताई, सेहेचाळीस केस झाल्या. फीडबॅक अजून तोच. स्ट्रक्चर जेनेरिक वाटतं म्हणतात. आता आणखी किती करू?"

मी त्याला विचारलं, शेवटच्या दहा केसमध्ये गाडी नेमकी कुठे घसरली? त्याला सांगता येईना. सेहेचाळीस केसची यादी त्याच्याकडे होती. प्रत्येकीसमोर तारीख, सरावातल्या पार्टनरचं नाव आणि दहापैकी गुण. काय बिघडलं, हा रकाना मात्र नव्हता.

कन्सल्टिंग फर्मच्या केस इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्यांमध्ये हे दुखणं मी वर्षानुवर्षं बघते आहे. सुरुवातीच्या पंधरा-वीस केसमध्ये माणूस झपाट्यानं सुधारतो आणि मग प्रगती थांबते. ती थांबली की सगळे एकच उपाय करतात: अजून केस. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. अडचण एका ठरावीक जागी असते. अख्खी केस पुन्हा पुन्हा सोडवून ती जागा दुरुस्त होत नाही. उलट तीच चूक अंगवळणी पडते, आणि सेहेचाळिसाव्या केसला ती पहिल्यापेक्षा सफाईनं होते.

ज्यांनी अजून एकही केस केलेली नाही, त्यांना या लिखाणाचा फारसा उपयोग नाही. त्यांनी आधी दहा-बारा केस करून घ्याव्यात. हे ज्यांची गाडी रुतली आहे त्यांच्यासाठी आहे.

आधी बिघाड सापडू द्या

मला स्वतःला दोन फर्मकडून पहिल्याच फेरीत नकार आला, तेव्हा मी माझे जुने कच्चे कागद बाहेर काढले. प्रत्येक केसच्या सुरुवातीला आपण प्रश्नाचे भाग पाडत आडव्या कागदावर जे फांद्यांचं झाड, म्हणजे स्ट्रक्चर, काढतो, ते कागद. एकोणीस सापडले. जमिनीवर ओळीनं मांडले, वरची क्लायंटचं नाव लिहिलेली पट्टी प्रत्येकाची मागे दुमडली, आणि कुठला कागद कुठल्या केसचा ते ओळखायला बसले. तीन ओळखता आले. उरलेल्या सोळांवर तेच चार खोके होते: बाजारपेठ, स्पर्धक, कंपनी, ग्राहक. विमान कंपनी असो, दवाखान्यांची साखळी असो, खतांचा कारखाना असो, चार खोके कायम.

'जेनेरिक', म्हणजे कुठल्याही केसला चालेल असं, हा शब्द मला तोवर पाचेक वेळा ऐकवून झाला होता. दर वेळी मी त्याचा अर्थ 'एखादा मुद्दा राहिला' असा घेतला होता आणि पुढच्या वेळी पाचवा खोका जोडला होता. जमिनीवरचे ते कागद बघितले तेव्हा कुठे उमगलं की मी क्लायंटचा प्रश्न ऐकतच नव्हते. प्रश्न संपायच्या आत माझा हात खोके काढायला लागलेला असायचा.

ही नाव झाकायची चाचणी आजच करून बघा. अर्धा तासही लागत नाही आणि तिच्याइतकं स्पष्ट निदान मला दुसऱ्या कशानं मिळालेलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रेकॉर्डिंग. पुढच्या पाच-सहा मॉक, म्हणजे सरावाचे इंटरव्ह्यू, फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त एक गोष्ट शोधा: पहिलं चुकीचं वळण. केसमधल्या पुढच्या चुका बहुतेक वेळा त्या एका वळणाची पिल्लं असतात. शेवटची शिफारस पोकळ वाटली, तर ती पोकळ का वाटली? कारण हाताशी आकडा नव्हता. आकडा का नव्हता? कारण तो मागितलाच नाही. का मागितला नाही? कारण झाडात त्याला फांदीच नव्हती. अशा वेळी शिफारशीचा सराव करून काय होणार? दुरुस्ती झाडाची हवी.

वहीत चार रकाने आखा: केस कोणती, पहिलं चुकीचं वळण कुठलं, कितव्या मिनिटाला, आणि त्या क्षणी डोक्यात काय चाललं होतं. चौथा रकाना टाळू नका. "घाईनं बोलले, कारण गप्प राहिले तर अडले असं वाटेल" हे वाक्य माझ्या वहीत तीनदा आलं, तेव्हा मला कळलं की माझ्या अर्ध्या चुकांचं मूळ शांततेच्या भीतीत आहे. प्रत्यक्षात इंटरव्ह्यूअरला "मला एक-दोन मिनिटं विचार करायला मिळतील का?" असं विचारणं अगदी रीतीला धरून आहे.

झाड पाठ आहे, प्रश्न ऐकलेला नाही

निम्म्याहून अधिक लोकांचा बिघाड इथेच निघतो, म्हणून यावर जरा थांबते. त्या ज्युनिअरला मी फोनवरच एक केस दिली. क्लायंट लिफ्ट बनवून बसवतो आणि बसवलेल्या लिफ्टची देखभालही करतो. दोन वर्षांत उत्पन्न वाढलं, नफा मात्र घटला. कारण शोध आणि काय करायचं ते सांग.

त्यानं लगेच सुरुवात केली. नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च. उत्पन्न म्हणजे किंमत गुणिले नग. खर्च दोन प्रकारचा, स्थिर आणि बदलता. यात चूक एकही नाही. पण हेच झाड पेनांच्या कारखान्याला चालतं आणि जिमलाही चालतं. त्यानं उत्पन्नाची फांदी आधी उघडली आणि किंमत वाढली की नग वाढले यात तीन मिनिटं घालवली, जेव्हा उत्पन्न वाढलंय हे प्रश्नातच सांगितलं होतं. मग खर्चात शिरला आणि पोलादाच्या भावात अडकला. आठव्या मिनिटाला मी त्याला थांबवलं.

"कागद उलटा ठेव. हा माणूस पैसे कसे कमावतो ते मला सांग. कन्सल्टंट म्हणून नको, शेजाऱ्याशी बोलतोस तसं सांग."

"एकदा लिफ्ट विकतो. मग वर्षानुवर्षं तिची देखभाल करून पैसे घेतो."

"दोन्हींत सुटतं तितकंच?"

"नसावं. विकताना चार कंपन्या स्पर्धेत असतात, बिल्डर दर पाडतो. देखभालीला एकदा लागला की माणूस सहसा बदलत नाही."

अंदाज बरोबर होता. लिफ्टच्या धंद्यात नवी लिफ्ट विकण्यापेक्षा देखभालीत नफ्याचं प्रमाण बरंच जास्त असतं.

"मग उत्पन्न वाढूनही नफा घटायचा असेल, तर ते कशाकशानं होईल?"

इथे तो पहिल्यांदा गप्प बसला, आणि ती शांतता मला फार आवडली. मग म्हणाला, "एक तर कमी सुटणारं काम वाढलं आणि जास्त सुटणारं आटलं. नाहीतर दोन्हींपैकी एखाद्यात नफ्याची टक्केवारी घसरली. नाहीतर ऑफिसचा, म्हणजे दोन्हींचा मिळून असलेला खर्च वाढला."

हे झालं स्ट्रक्चर. तीनच फांद्या आहेत, पण क्लायंटचं नाव झाकलं तरी या धंद्याचा वास येतो. शिवाय फांद्या एकमेकींवर चढत नाहीत आणि त्यांच्या बाहेर काही उरत नाही. ज्याला मीसी (MECE) म्हणतात, मॅकिन्झी या कन्सल्टिंग फर्ममध्ये १९६०च्या दशकापासून रुळलेली ती कसोटी, ती हीच. माझे चार खोके या कसोटीलाही उतरत नव्हते, कारण ग्राहक बाजारपेठेत येतात आणि स्पर्धकही बाजारपेठेतच येतात. मीसीच्या नावानं आपण जे पाठ करतो ते अनेकदा मीसी नसतंच.

पाठ केलेल्या फ्रेमवर्कबद्दल, म्हणजे विचाराच्या तयार साच्यांबद्दल, एक सांगायला हवं. ही फ्रेमवर्क वाईट नाहीत. ती विशिष्ट प्रश्नांची उत्तरं म्हणून जन्माला आली. बीसीजी या दुसऱ्या कन्सल्टिंग फर्मनं १९७० मध्ये ग्रोथ-शेअर मॅट्रिक्स मांडली, ती एकाच मालकाच्या अनेक धंद्यांपैकी पैसा कुठे घालायचा आणि कुठून काढायचा हे ठरवण्यासाठी. हार्वर्डच्या मायकल पोर्टरनं १९७९ मध्ये पाच शक्ती मांडल्या, त्या एखाद्या उद्योगात नफा टिकतो आणि दुसऱ्यात टिकत नाही असं का होतं ते समजण्यासाठी. 'या कंपनीचा नफा यंदा का घटला' हा प्रश्न या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. तिथे पाच शक्ती मांडणं म्हणजे पाना हवा असताना करवत काढणं.

यावरचा उपाय म्हणजे फक्त सुरुवातीचा सराव. एका बैठकीत दहा केसचे नुसते प्रश्न घ्या. प्रत्येकाला दोन मिनिटं. झाड काढा, मोठ्यानं सांगा आणि पुढचा प्रश्न घ्या, केस सोडवायची नाही. प्रत्येक झाड काढण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. इथे पैसा कसा येतो? प्रश्नानं मला आधीच काय सांगून टाकलंय? आणि कुठला एक आकडा मिळाला तर अर्धं झाड गळून पडेल? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. लिफ्टच्या केसमध्ये तो आकडा म्हणजे बसवणं आणि देखभाल यांची उत्पन्नातली आणि नफ्यातली वेगवेगळी फोड. तो पहिल्यांदा मागितला की पोलादाकडे जायची वेळच येत नाही.

असे चार बैठकींत चाळीस प्रश्न होतात. अख्ख्या चाळीस केस करायला दोन महिने जातात.

आकडा आला आणि आवाज गेला

त्याला मी फोड दिली. दोन वर्षांपूर्वी बसवण्याचं उत्पन्न २०० कोटी, त्यावर नफा ५ टक्के. देखभालीचं उत्पन्न २०० कोटी, नफा २५ टक्के. आता बसवण्याचं ३०० कोटी, नफा ४ टक्के. देखभालीचं १६० कोटी, नफा २५ टक्केच. ऑफिसचा खर्च बदललेला नाही, तो बाजूला ठेव.

त्यानं हिशोब बरोबर केला. आधी १० अधिक ५०, म्हणजे ६० कोटी. आता १२ अधिक ४०, म्हणजे ५२ कोटी. "नफा बावन्न कोटी," म्हणाला, आणि थांबला. मी काही बोलले नाही. तोही बोलला नाही.

इथेच घोडं पेंड खातं. गणित येणारी मुलंमुली या जागी गळतात, आणि त्यांना पत्ता लागत नाही, कारण उत्तर बरोबर असतं. इंटरव्ह्यूअरला ५२ आधीच माहीत आहे. त्याला बघायचं असतं की ५२ बघून तुम्हाला काय दिसलं. या आकड्यांत बघण्यासारखं किती आहे ते बघा. एकूण घट ८ कोटींची. बसवण्यात नफा उलट २ कोटींनी वाढलाय आणि देखभालीत १० कोटींनी घटलाय. म्हणजे दुखणं पूर्णपणे देखभालीत आहे. कुणी म्हणेल, पण बसवण्याची टक्केवारी पाचावरून चारावर आली आहे, ती परत आणू. ती परत आणली तर ३०० कोटींवर १ टक्का, म्हणजे ३ कोटी मिळतील. नफा ५५ होईल, ६० नाही. आणि नुसतं बसवण्याचं काम वाढवून ही ८ कोटींची तूट भरायची ठरवली, तर ४ टक्क्यांनी २०० कोटींचं नवं काम आणावं लागेल. देखभालीतून भरायची तर २५ टक्क्यांनी ३२ कोटी पुरतात.

२०० आणि ३२. हे दोन आकडे शेजारी ठेवले की क्लायंटला काय सांगायचं ते जवळपास ठरतं. यातलं कुठलंही गणित अवघड नाही. ते करायचं सुचणं अवघड आहे, आणि ते सुचण्यासाठी एकच सवय लावायची: कुठलाही आकडा तोंडातून निघाला की त्याच श्वासात "याचा अर्थ..." हे शब्द उच्चारायचे. पुढचं वाक्य आपोआप शोधावं लागतं. सुरुवातीला ते फार कृत्रिम वाटतं. आठ-दहा दिवसांत वाटेनासं होतं.

ज्यांचं मूळ गणितच अडखळतं, त्यांचा आजार वेगळा. तो बहुधा शून्यांचा असतो. आपण लाख-कोटीत मोजत वाढलो आणि केस बऱ्याचदा मिलियन-बिलियनमध्ये येते. मधल्या भाषांतरात एक शून्य सांडतं. १० लाख म्हणजे १ मिलियन, १ कोटी म्हणजे १० मिलियन, १०० कोटी म्हणजे १ बिलियन, हे तिन्ही झोपेत विचारलं तरी सांगता यायला हवं. केसच्या सुरुवातीला एकक ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. मध्येच बदलू नका.

हिशोब करताना आकडे आणि शून्यं वेगळी करा. ३ कोटी ६० लाख घरांपैकी ४५ टक्के काढायचे, तर ३६ गुणिले ४५ म्हणजे १६२०. आता शून्याचा विचार: निम्मी घरं १ कोटी ८० लाख झाली असती, ४५ टक्के त्याहून थोडं कमी, म्हणजे १ कोटी ६२ लाख. मिलियनमध्ये १६.२. अंदाज आधी बांधला की दशांशचिन्ह चुकायला जागाच उरत नाही. आणि गणित सुरू करण्याआधी वाट सांगा: "आधी घरांची संख्या घेते, त्याला वापरणाऱ्यांच्या टक्क्यानं गुणते, मग वर्षाला किती वेळा घेतात त्यानं." वाट सांगितली असेल तर पुढे गुणाकारात चूक झाली तरी समोरचा माणूस ती वाटेत पकडून देतो. न सांगता दोन मिनिटं खाली मान घालून चुकीचा आकडा वर आणला, तर तो काहीच करू शकत नाही.

रोज पंधरा मिनिटं हा सराव करा, पण मोठ्यानं बोलून. ॲपवर मुकाट्यानं केलेल्या गणिताचा इंटरव्ह्यूत फारसा उपयोग होत नाही, कारण तिथे एकाच वेळी मोजायचं आणि बोलायचं असतं. वाढीच्या प्रश्नांसाठी ७२चा ठोकताळा (७२ भागिले वाढीचा दर) जवळ ठेवा: दर ८ टक्के असेल तर दुप्पट व्हायला साधारण ९ वर्षं.

एक्झिबिट वाचताना होणारा गोंधळ

समोर एक्झिबिट, म्हणजे तक्ता किंवा आलेख, आला की लोक पहिल्या सेकंदाला सगळ्यात उंच खांबावर बोलायला लागतात. अर्धा मिनिट घ्या. शीर्षक, दोन्ही अक्ष, एकक, खालची बारीक टीप. मग बोला.

सगळ्यात जास्त चुका टक्क्यांच्या खांबांवर होतात. लिफ्टचीच केस घ्या. देखभालीचा उत्पन्नातला वाटा ५० टक्क्यांवरून सुमारे ३५ टक्क्यांवर आला. हे बघून तो ज्युनिअर म्हणाला, "देखभाल पंधरा टक्क्यांनी घटली." घटली आहे २०० वरून १६०, म्हणजे २० टक्क्यांनी. वाटा घटलाय तो १५ टक्केबिंदूंनी, आणि तोही काही अंशी बसवण्याचं काम फुगल्यामुळे. वाटा आणि रक्कम यांत फरक न करणारा माणूस क्लायंटसमोर उभा करायला कुठलीही फर्म धजावणार नाही. खांब शंभर टक्क्यांचे दिसले की पहिला प्रश्न हा विचारा: एकूण रक्कम दोन्ही वर्षी सारखीच आहे का?

मध्येच वाट हरवते

इथे फर्मच्या पद्धतीचाही भाग आहे. मॅकिन्झीच्या केसमध्ये साधारणपणे इंटरव्ह्यूअर केस पुढे नेतो, एकामागून एक प्रश्न टाकतो. बीसीजी आणि बेन या फर्ममध्ये बहुतांशी उमेदवारानं केस पुढे न्यायची असते. ज्यानं एकाच प्रकारचा सराव केला, तो दुसऱ्या प्रकारात गांगरतो. पहिल्या प्रकाराची सवय झालेला माणूस पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसतो, आणि दुसऱ्या प्रकाराचा सराव केलेला इंटरव्ह्यूअरच्या हातून सुकाणू ओढायला बघतो. पार्टनरला सांगून दोन्ही प्रकार आलटून पालटून करा.

हरवू नये म्हणून प्रत्येक फांदी संपली की एका वाक्यात मुक्काम सांगायचा. "घट देखभालीत आहे हे कळलं, म्हणून आता करार सुटले की दर पडले ते बघते." हे वाक्य जितकं इंटरव्ह्यूअरसाठी, तितकंच स्वतःसाठी असतं. ते जुळवता येत नसेल, तर समजा की तुम्ही हरवला आहात. मग सरळ म्हणा, "एक अर्धा मिनिट मागे जाते," आणि झाडाकडे बघा.

आणि इंटरव्ह्यूअरनं "देखभालीबद्दल आणखी काही?" असं दुसऱ्यांदा विचारलं, तर तो हात पुढे करतोय. तो हात धरा. माझ्या एका रेकॉर्डिंगमध्ये समोरच्यानं तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय आणि तिन्ही वेळा मी "नाही, ते झालं" म्हणून पुढे गेले आहे. ते ऐकताना आजही वाईट वाटतं, कारण त्या माणसाला मी पास व्हायला हवी होते.

विचार मराठीत आणि बोलणं इंग्रजीत, यामुळेही काहींचा वेग तुटतो. अशांनी केस संपली की तीच केस कन्सल्टिंगशी संबंध नसलेल्या कुणाला तरी मराठीत तीन वाक्यांत सांगावी. मराठीत सांगता आली आणि इंग्रजीत अडली, तर प्रश्न भाषेचा. मराठीतही अडली, तर विचारच अर्धवट आहे.

शेवटची दोन मिनिटं

"सीईओ लिफ्टमध्ये भेटले, काय सांगाल?" या प्रश्नावर बहुतेक जण केसची कथा पहिल्यापासून सांगायला लागतात. आधी आपण उत्पन्न बघितलं, मग खर्च बघितला, मग असं दिसलं की. सीईओला प्रवासवर्णन नको असतं.

उत्तर आधी, कारणं मग, धोका त्यानंतर, आणि उद्या सकाळी काय करायचं ते शेवटी. लिफ्टच्या केसला मी असं म्हटलं असतं: "नफा पुन्हा ६० कोटींवर न्यायचा तर देखभालीचे सुटलेले करार परत मिळवण्यावर जोर द्या. सगळी घट तिथली आहे. बसवण्यातून ती भरायला २०० कोटींचं नवं काम लागेल, देखभालीतून ३२ कोटींचं. धोका एवढाच, की करार परत आणताना दर पाडले तर २५ टक्के टिकणार नाहीत. म्हणून आधी सुटलेल्या ग्राहकांपैकी किती दरामुळे गेले आणि किती सेवेमुळे, ते तपासून घ्या." एवढंच. पाऊण मिनिटात होतं.

याचा सराव करायला नवी केस लागत नाही. वहीतल्या जुन्या केस काढा, प्रत्येकीची शिफारस पाऊण मिनिटात रेकॉर्ड करा. संध्याकाळी दहा होतात. आणि पहिल्या वाक्यात आकडा आहे का, ते तपासा.

केसमध्ये काहीच सापडलं नाही तर

वही भरली, चाचणी केली आणि ठरावीक जागा सापडतच नाही, असंही होतं. तेव्हा तीन ठिकाणी बघा.

पहिलं ठिकाण म्हणजे पार्टनर. दोघे एकाच यादीतून केस घेत असाल, एकमेकांचे चांगले मित्र असाल आणि दर वेळी "मस्त झाली" म्हणत असाल, तर तो सराव फक्त सोबतीचा. या कामात काही वर्षं काढलेला एक तरी माणूस गाठा आणि त्याच्याबरोबर दोनच केस करा. एका अशा माणसाबरोबरही करा ज्याला कन्सल्टिंगमधलं ओ की ठो कळत नाही. त्याला तुमचं बोलणं कुठे तुटलं ते लगेच कळतं.

दुसरं, थकवा. दिवसाला चार केस करणाऱ्याची चौथी केस पहिलीपेक्षा वाईटच होते, आणि लक्षात राहते ती चौथीच. दिवसाला एक केस आणि तिच्यानंतर तिच्याइतकाच वेळ वहीला, हे माझ्या मते पुरेसं आहे.

तिसरं, केस चांगली होऊनही नकार येत असेल तर फिटच्या, म्हणजे तुमच्या स्वतःच्या अनुभवांवरच्या, प्रश्नांकडे वळा. मॅकिन्झीत पर्सनल एक्स्पीरियन्स इंटरव्ह्यू नावाचा स्वतंत्र भाग असतो आणि त्यात एकाच प्रसंगावर खोलवर उलटतपासणी होते. "आम्ही केलं" असं सांगत राहिलात तर तुम्ही काय केलं ते शेवटपर्यंत कळत नाही. तीन-चार खरे प्रसंग निवडा आणि प्रत्येकात कुठल्या क्षणी काय ठरवलं, कुणाला काय म्हणालात, ते नीट आठवून ठेवा.

दुरुस्ती झाली हे कसं ओळखायचं

मॉकमध्ये मिळणाऱ्या गुणांवरून नाही. गुण पार्टनरच्या मूडवर असतात. वहीतलं पहिलं चुकीचं वळण बदललं का ते बघा. आधी दुसऱ्या मिनिटाला घसरत होतात आणि आता अठराव्या मिनिटाला घसरताय, तर पहिली जागा दुरुस्त झाली आहे आणि आता नवी जागा उघडी पडली आहे. आता तिच्यावर काम करा. एका वेळी एकच जागा. तीन ठिकाणी एकदम हात घातला की काही दिवसांनी ये रे माझ्या मागल्या.

त्या ज्युनिअरनं तीन आठवड्यांत पूर्ण केस फक्त नऊ केल्या. बाकी वेळ नुसती झाडं आणि वही. मागच्या रविवारी त्यानं एका कागदाचा फोटो पाठवला, वरची पट्टी मागे दुमडलेली. पहिली फांदी 'परतीच्या रिकाम्या फेऱ्या', दुसरी 'माल भरण्या-उतरवण्यात उभं राहण्याचे तास', तिसरी 'किलोमीटरमागे इंधन आणि टायर'. खाली कोपऱ्यात लिहिलं होतं: "आधी मागायचा आकडा: महिन्यातले भरलेले किलोमीटर."

मी उत्तर पाठवलं, "ट्रक वाहतूक."

"बरोबर. थांबा ताई, अजून नऊ पाठवतो."